अपेक्षेविरुद्ध लागलेल्या निकालाचे करायचे काय?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादला भारत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला, 4 जून 2024 रोजी लोकसभेच्या निकालाने मतदानोत्तर चाचण्या तोंडघशी पाडल्या आणि 23 नोव्हेंबर 2024 रोजी महाराष्ट्र विधानसभेचा कौल लोकसभेच्या नेमका उलटा लागला. तिन्ही वेळा आपण चक्रावलात. ओळखीतले निम्मे लोक ‘यात काहीतरी काळेबेरे आहे’ असे म्हणाले, उरलेले ‘हे होणारच होते’ असे म्हणाले, आणि आपल्याला दोन्ही पटले नाही. अशा निकालाला समंजस प्रतिसाद कोणता आणि यापुढे चाचण्या पाहाव्यात की नाही, हे आपण विचारले आहे.

निवडणूक सर्वेक्षणांची नमुना-आखणी आणि त्यांची आकडेमोड हे माझे काम आहे, आणि क्रिकेटचा नाद कामापेक्षा जुना आहे. त्यामुळे या दोन्हींपुरते बोलतो. उत्तर बऱ्याच अंशी आपण कोणाच्या भूमिकेत आहात यावर अवलंबून राहील. पराभूत उमेदवाराला निकालानंतर ठरलेल्या मुदतीत करायची कामे असतात, कार्यकर्त्याला पुढची निवडणूक असते. प्रेक्षकाला यांपैकी काहीच नसते आणि म्हणूनच त्याला कारणे शोधण्याची सर्वांत जास्त घाई असते. आपला प्रश्न मतदार आणि प्रेक्षक या नात्याने आहे असे मी धरतो.

माझ्या मते मूळ अडचण ही आहे की आपण ज्या तीन घटना एका दावणीला बांधल्या आहेत, त्या एका जातीच्या नाहीत. धक्का तिन्ही वेळा सारखाच बसला, कारण तो निकालाने एकट्याने दिलेला नसतो. मनात धरलेली अपेक्षा आणि लागलेला निकाल यांतल्या अंतराचा तो असतो. म्हणून निकालाची चिरफाड करण्याआधी ती अपेक्षा कोठून आली हे तपासावे लागते, आणि आमच्या कामात आम्ही सुरुवात तेथूनच करतो.

अहमदाबादचा सामना आधी घेऊ, कारण त्यात कोडे सर्वांत कमी आहे. साखळीतले नऊ आणि उपांत्य असे दहा सामने भारताने ओळीने जिंकले होते. समजा, प्रत्येक सामन्यात भारत जिंकण्याची शक्यता 80 टक्के होती, जी कोणत्याही संघासाठी भरघोस आहे. तरीही ओळीने अकरा सामने जिंकण्याची शक्यता 9 टक्क्यांहूनही कमी निघते. सामने एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. परंतु त्यातून दिसते ते खरे आहे. अंतिम सामन्यातला पराभव हा पाचांत एकदा घडणारा प्रकार होता, तर त्याआधीचे सलग दहा विजय हे दहांत जेमतेम एकदा घडणारे होते. अधिक नवलाची गोष्ट आपण सवयीची मानली आणि कमी नवलाची गोष्ट आपल्याला आभाळ कोसळल्यासारखी वाटली. भारताच्या 240 धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाची अवस्था 3 बाद 47 होती, तेव्हा तर पुष्कळांनी सामना खिशात घातला होता. त्यानंतर ट्रॅव्हिस हेडने 137 धावा केल्या. त्या दिवशी भारत हरला याचे दुःख होणे स्वाभाविक आहे, पण त्यातून संघनिवड, कर्णधारपद आणि खेळाडूंचे काळीज यांविषयी जे सिद्धांत रात्रीतून मांडले गेले, त्यांना एका सामन्याचा आधार पुरत नाही.

खेळ जितका आखूड, तितका दुबळ्या संघाला वाव अधिक. 6 जून 2024 रोजी डॅलसला टी-20 विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला हरवले. दोन्ही संघांच्या 159 धावा झाल्या आणि निकाल सुपर ओव्हरवर गेला. अमेरिकेने त्या षटकात 18 धावा काढल्या आणि मुंबईत वाढलेल्या, मुंबईकडून रणजी खेळलेल्या, नोकरीने सॉफ्टवेअर अभियंता असलेल्या सौरभ नेत्रावळकरने पाकिस्तानला 13 धावांवर रोखले. आपल्याकडे त्याचे कौतुक अगदी घरच्या मुलासारखे झाले आणि ते योग्यच होते. मात्र सहा चेंडूंच्या झुंजीत बलाबलातला फरक दिसण्याइतकी जागाच नसते. हेच दोन संघ पाच दिवसांच्या कसोटीत समोरासमोर आले असते, तर पैज लावणाऱ्याला अमेरिकेच्या बाजूने भिडू शोधावा लागला असता. फुटबॉलमध्ये गोल मोजकेच होतात म्हणून तेथेही असे घडते. 2022 च्या विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले. सलग 36 सामने अपराजित राहिलेला तो संघ हरला आणि त्याच स्पर्धेत पुढे विजेताही झाला. त्या पराभवावरून अर्जेंटिनाचे भवितव्य ज्यांनी वर्तवले, त्यांच्या हाती एका दुपारपलीकडे पुरावा नव्हता.

याच्या उलट 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडने भारताला भारतात 3-0 असे हरवले, त्याला मी योगायोग म्हणणार नाही. बंगळूरला भारत 46 धावांत गारद झाला, तेवढ्यावर मालिका थांबली असती तर ढगाळ हवा आणि चुकलेला निर्णय म्हणून ते सोडून देता आले असते. पण पुण्यात मिचेल सँटनरने 13 बळी घेतले, वानखेडेवर एजाझ पटेलने 11 घेतले आणि तेथे 147 धावांचे लक्ष्यसुद्धा भारताला गाठता आले नाही. परिस्थिती बदलूनही निकाल बदलत नाही, तेव्हा आपली जुनी अपेक्षाच चुकीची होती असे मानणे भाग पडते. (आखाडा, म्हणजे फिरकीला भरपूर साथ देणाऱ्या, खेळपट्ट्यांवर दोन्ही बाजूंचे फिरकी गोलंदाज सारखेच घातक होतात आणि यजमानांचा वरचष्मा उलट घटतो, असे माझे मत आहे, पण हा वाद येथे नको.)

निवडणुकीत हा मामला निराळा होतो, कारण तेथे कोट्यवधी लोक मत देतात आणि योगायोगाला फारशी जागा उरत नाही. तेथे धक्का दोन वाटांनी येतो. पहिली वाट आपल्या निवडणूक पद्धतीची आहे. जो सर्वाधिक मते घेतो तो जागा जिंकतो, त्यामुळे मतांतला बारीक फरक जागांमध्ये कितीतरी पटींनी फुगून दिसतो. 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडीला 48 पैकी 30 आणि महायुतीला 17 जागा मिळाल्या. हे आकडे ऐकणाऱ्याला वाटते की राज्याने एका बाजूला झिडकारले. प्रत्यक्षात दोन्ही आघाड्यांची मते जवळपास सारखी होती आणि त्यांच्यातले अंतर फार तर एखाद्या टक्क्याच्या आसपास होते. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये शिंदे गटाचे रवींद्र वायकर 48 मतांनी जिंकले. तेथे एका सोसायटीतली त्यांना मत देणारी पंधरा-वीस घरे त्या दिवशी गावाला गेली असती तरी खासदार बदलला असता. हरियाणात ऑक्टोबर 2024 मध्ये भाजप आणि काँग्रेस यांच्या मतांमध्ये एक टक्क्याचेही अंतर नव्हते, पण 90 जागांची वाटणी 48 आणि 37 अशी झाली, आणि चाचण्यांनी मात्र काँग्रेसचे सरकार जवळजवळ शपथविधीपर्यंत नेऊन ठेवले होते. अशा ठिकाणी जनमानस बदलले असे म्हणण्यापेक्षा तराजू मधोमध होता आणि तो एका बाजूला झुकला, एवढेच म्हणणे खरे ठरते.

महाराष्ट्र विधानसभेचा निकाल मात्र या खात्यात जमा करता येत नाही. महायुतीला 288 पैकी 230 च्या वर जागा मिळाल्या, त्यांत एकट्या भाजपच्या 132 होत्या. महाविकास आघाडी पन्नाशीही गाठू शकली नाही. मतांमधले अंतर चौदा टक्क्यांच्या आसपास गेले. पाच-सहा महिन्यांत इतके अंतर पडते ते केवळ पद्धतीच्या फुगवट्याने पडत नाही. तेथे मतदार खरोखर हलला होता किंवा वेगळा मतदार बाहेर पडला होता. दरमहा 1,500 रुपयांची लाडकी बहीण योजना, वाढलेले मतदान, लोकसभेला घरी बसलेला मतदार, ओबीसी मतांची जुळवाजुळव आणि जागावाटपातली महाविकास आघाडीची ओढाताण, ही कारणे सांगितली जातात. प्रत्येकाचा वाटा किती हे मतदारसंघागणिक बदलते. विदर्भातले कापूस-सोयाबीनचे राजकारण आणि ठाण्याचे राजकारण एका मापाने मोजता येत नाही. ‘लाडकी बहीण, बस, एवढेच’ असे ठाम सांगणाऱ्याकडे मी थोडे सावधपणेच पाहतो.

दुसरी वाट आमच्या धंद्यातून येते. नमुना मोठा घेतला की अंदाज बरोबर येतो, असा सर्वसाधारण समज आहे. हजार मतदारांच्या शास्त्रशुद्ध नमुन्यात चूक साधारण तीन टक्के वर-खाली असते आणि नमुना वाढवला की ती घटते, हे खरे. परंतु एक्झिट पोल सहसा नमुना लहान म्हणून चुकत नाही. तो चुकतो ते उत्तर न देणाऱ्या माणसांमुळे. काम कसे चालते ते पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेत केंद्र असते, शंभर मीटरच्या रेषेबाहेर आमचा मुलगा किंवा मुलगी उभी असते आणि बाहेर येणाऱ्या दर दहाव्या माणसाला थांबवायचे असे ठरलेले असते. मतदार चिन्हांची छापील चिठ्ठी खूण करून, घडी घालून पिशवीत टाकतो. सकाळी वयस्क पुरुष अधिक भेटतात. बायका स्वयंपाकपाणी किंवा रानातले काम उरकून येतात, घोळक्याने येतात, आणि दहावी म्हणून एखादीला थांबवले की सोबतचा नवरा किंवा दीर पुढे होऊन म्हणतो, “आमचं घरातलं सगळं एकच असतं, माझंच लिहून घ्या.” ती बाई नुसती हसते आणि चालू लागते. अर्जावर एक रकाना नकार देणाऱ्यांचा असतो, त्यात स्त्री की पुरुष आणि अंदाजे वय लिहायचे असते. संध्याकाळी कागद आले की मी पक्षांची बेरीज नंतर पाहतो, आधी तो रकाना पाहतो. नकार सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर फारसे बिघडत नाही. ते एकाच गटात साचलेले असतील, तर त्या गटाने काय केले हे आम्हाला गृहीत धरावे लागते, आणि ते गृहीतक राज्यभर एकच असल्यामुळे चूकही राज्यभर एकाच दिशेने जाते.

यातूनच 4 जूनचा प्रकार समजतो. बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला 350 च्या वर नेले होते. आघाडी 293 वर थांबली आणि भाजप 240 वर. दहा संस्थांचे आकडे एकमेकांशी जुळले म्हणून आपण निर्धास्त झालात, पण दहांनीही थोड्याफार फरकाने एकाच पद्धतीने गृहीत धरले असेल, तर तो पुरावा दहापट होत नाही. शिवाय सर्वांपेक्षा वेगळा आकडा छापण्याची छाती फार थोड्यांची असते. चुकायचेच असेल तर घोळक्यात चुकलेले बरे, ही वृत्ती आमच्यात आहे. 2016 मध्ये अमेरिकेत हेच दिसले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ऐंशी हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने ट्रम्प यांनी अध्यक्षपद मिळवले. महाविद्यालयीन शिक्षण नसलेल्या मतदारांचे प्रमाण अनेक राज्यांतल्या चाचण्यांत नीट दुरुस्त केलेले नव्हते, म्हणून शेजारशेजारची राज्ये एकदमच चुकली. तेव्हाच्या एका नावाजलेल्या अंदाजात ट्रम्प यांना 29 टक्क्यांच्या आसपास शक्यता दिली होती. त्या आकड्याला लोकांनी शून्य समजून वाचले, यात अंदाजाचा दोष फारसा नाही.

आता काळ्याबेऱ्याविषयी. निकाल अनपेक्षित आहे, एवढ्या एका कारणाने तो संशयास्पद ठरत नाही, कारण अपेक्षा आपली होती आणि ती कशा रीतीने चुकते हे वर पाहिले. परंतु संशय घेणाऱ्याला वेडा म्हणणेही मला मान्य नाही. प्रश्न विचारता येणे हा निवडणुकीचाच भाग आहे. अट एवढीच की प्रश्न तपासण्याजोगा असावा. ‘इतक्या जागा येतीलच कशा?’ हा तपासता येत नाही. ‘या केंद्रावर 17सी अर्जात (केंद्रावर एकूण किती मते पडली याच्या अधिकृत नोंदीत) लिहिलेली मते आणि मोजलेली मते जुळतात का?’ हा तपासता येतो, कारण मतदान संपताना त्या अर्जाची प्रत उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना मिळते. महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी सायंकाळी पाचची मतदानाची टक्केवारी 58 च्या आसपास आणि अंतिम 66 च्या आसपास यांतल्या फरकावर गदारोळ झाला. रांगेत उभ्या असलेल्यांचे मतदान वेळ संपल्यानंतरही चालते आणि पाचचा आकडा तात्पुरता असतो, असे निवडणूक आयोगाचे म्हणणे होते. मतदारयाद्यांतील वाढीवरचे काँग्रेसचे आक्षेपही आयोगाने फेटाळले. ज्याला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, त्याने केंद्रवार कागद मांडावेत. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (दिलेल्या मताची यंत्राने छापलेली कागदी नोंद) मोजल्या जातात. 26 एप्रिल 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते, आणि 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते. या वाटा पुरेशा आहेत की नाहीत यावर मतभेद असू शकतात, परंतु त्या वापरल्या गेल्या का आणि त्यांतून काय निघाले, हे पाहिल्याशिवाय मी कोणत्याही बाजूला मान डोलावत नाही.

‘हे होणारच होते’ म्हणणाऱ्यांचा त्रास मात्र मला संशयखोरांपेक्षा अधिक होतो, कारण ते शहाणे दिसतात. 2004 मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या प्रचारानंतर वाजपेयी सरकार गेले आणि आठवडाभरात ग्रामीण भारताच्या संतापाची कथा तयार झाली. त्या निवडणुकीत काँग्रेसला 145 आणि भाजपला 138 जागा होत्या. सात जागांचे अंतर. 1999 मध्ये भाजपसोबत असलेला द्रमुक यावेळी काँग्रेससोबत होता आणि त्या आघाडीने तमिळनाडूच्या 39 पैकी 39 जागा जिंकल्या. आघाडीचे गणित वेगळे जमले असते, तर तोच ग्रामीण भारत वाजपेयींच्या पाठीशी ठाम उभा असल्याचे लेख आले असते. संताप नव्हता असे मी म्हणत नाही. पण एवढ्या निसटत्या निकालाला एकच भव्य कारण देणे मला जड जाते. आमच्या कार्यालयात म्हणून एक रिवाज आहे. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने जागांचा किमान व कमाल आकडा आणि दोन ओळींत कारण लिहून बंद पाकिटात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ‘मी म्हटलेच होते’ असे कोणी सुरू केले की पाकीट उघडायचे. बोलण्यातला जोर लगेच उतरतो. घरी हे करून पाहायला काहीच हरकत नाही, आणि क्रिकेटच्या सामन्याआधी तर त्यात मजाही येते.

प्रत्यक्ष निकालाच्या दिवसाविषयीही आपण विचारले होते, तेव्हा एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. आठ वाजता टपाली मतांची मोजणी सुरू होते आणि अर्ध्या तासाने यंत्रांची. टपाली मतांत सरकारी कर्मचारी, सैनिक आणि घरून मत देणारे वृद्ध अधिक असतात, त्यामुळे साडेआठचे कल साऱ्या मतदारसंघाचे प्रतिनिधी नसतात. त्यानंतर साधारण चौदा टेबलांवर केंद्रांच्या क्रमांकानुसार फेऱ्या होतात, म्हणजे पहिल्या काही फेऱ्या मतदारसंघाच्या एकाच अंगाच्या असतात. एखाद्या उमेदवाराचा बालेकिल्ला शेवटच्या क्रमांकांत असेल, तर तो दुपारपर्यंत पिछाडीवर दिसतो आणि मग ‘अचानक चित्र पालटले’ अशी बातमी येते. चित्र पालटलेले नसते, मोजणी त्या गावांपर्यंत आता पोहोचलेली असते. निम्म्या फेऱ्या होईपर्यंत दूरचित्रवाणी बंद ठेवणे ज्यांना जमते, त्यांचे निम्मे धक्के तेथेच वाचतात.

राहिला चाचण्या पाहाव्यात का हा प्रश्न. जरूर पाहाव्यात, पण जागांचा आकडा शेवटी वाचावा. मतांची टक्केवारी दिली आहे का ते आधी पाहावे. ती दिलेली नसेल तर आकडा कशावर उभा आहे हे कळण्याचा मार्गच नाही. दोन मुख्य आघाड्यांमधले अंतर तीन टक्क्यांच्या आत असेल, तर बहुमत कोणाचेही होऊ शकते असे समजून चालावे, संस्थेने खाली कितीही ठळक अक्षरांत सरकार बनवले असले तरी. मुलाखती कोणत्या तारखांना झाल्या, स्त्रियांचे प्रमाण किती होते आणि नकार किती आले, हे जी संस्था आपणहून सांगते तिला मी अधिक महत्त्व देतो, तिचा मागचा अंदाज चुकलेला असला तरीही. मागच्या वेळी नेमका आकडा जुळला होता या जाहिरातीला फार भुलू नये. एवढ्या संस्था आकडे सांगत असताना कोणाचा तरी जुळणारच असतो.